पारूबाई काय म्हणायलीय

संध्याकाळी चहाचं पातेलं खाली उतरवलं की मी टीव्ही लावते आणि आवाज बंद करून टाकते. नवऱ्याला आता याचं काही वाटेनासं झालंय. सुरुवातीला तो माझ्या हातातला रिमोट घ्यायचा, "आवाज तर वाढीव की" म्हणायचा. आता पेपर उचलून आतल्या खोलीत जातो. पडद्यावर कुणीतरी बाई कुणाला तरी तावातावानं बोलत असते. मी तिच्या तोंडाकडं टक लावून बसते. ती काय बोलत असेल याचं एक वाक्य, फार नाही, एकच, मला सुचावं म्हणून जीव गोळा करते. सुचत नाही. बाई बोलून थकते, मी बघून थकते. मग टीव्ही बंद करून भाकरीला बसते.

मार्गशीर्ष सरत आला की हे वेड जास्त चढतं. या दिवसांत नौबादच्या आमच्या गल्लीत सकाळी धुकं उतरतं आणि हातगाड्यांवर तुरीच्या हिरव्या शेंगा येतात. मीठ घालून उकडलेल्या त्या शेंगांचा वास दुपारभर घराघरांतून येत राहतो. येळवस तोंडावर आलेली असते. येळवस म्हणजे येळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या बिदर-भालकीकडचं अख्खं गाव दाराला कुलूप घालून शेतात जेवायला जातं. बाहेरच्या माणसाला आमचा भाग ओसाड वाटतो, पण या दिवसांत शिवारात उभी तूर, पोटऱ्यात आलेली ज्वारी आणि करडईचे काटे असं सगळं एकदम असतं. बघणाऱ्यानं बघावं आणि लिहिणाऱ्यानं लिहावं असा हा काळ. मी बघते. लिहिणं तेवढं जमत नाही.

मी लिहिणारी बाई आहे. होते, असं म्हणायला हवं. शाळेत मराठी शिकवते आणि एके काळी माझ्या कथा इकडच्या-तिकडच्या दिवाळी अंकांत येत. लोक बरी म्हणायचे. पण माझ्या कथेतली माणसं इस्त्री करून बोलायची. चिंताकीच्या शेतात राबणारी बाई माझ्या कथेत "मला फार उदास वाटतंय" म्हणायची. असं बोलणारी बाई मी चिंताकीत काय, अख्ख्या औराद तालुक्यात ऐकलेली नाही. मला ते कळत होतं, पण दुसरं लिहिता येत नव्हतं. छापलेलं मराठी म्हणजे पुण्याचं मराठी असं डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की घरचं बोलणं कागदावर आणायचं म्हटलं की हात आखडायचा. मग हळूहळू तेही सुटलं. विहीर आटते तशी नाही आटले. नळ जातो तशी गेले. आज येईल, उद्या येईल म्हणत तोटी उघडी ठेवून बसलेली.

आणि अशात तो हिवाळा आला.

त्या साली श्रावणात माझे वडील, अप्पा गेले. दिवाळी झाल्यावर अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मायला घेऊन खटकचिंचोळीहून आमच्याकडं आला. मायचं गाठोडं खाली ठेवलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाला, "तिथं ती जेवत न्हाई. दोन घास खाती अन् ताट सारती. तुझ्याकडं तरी जेवंल." एवढा धिप्पाड माणूस, माठाजवळ उभा राहून डोळे पुसत होता. 

माय म्हणजे बोलणारी बाई. तिला बोलायला माणूसच लागायचं असं नाही, म्हैसही चालायची. अप्पा तिला म्हणायचे, "तुझं तोंड कापडाचं असतं तर एव्हाना फाटलं असतं." अशा बाईचे कान गेले होते. उजवा पूर्ण गेलेला, डाव्या कानाला तोंड लावून ओरडलं तर थोडंफार जायचं. अण्णानं कानाचं यंत्र आणून दिलं होतं, पण त्यात शिट्टी वाजते म्हणून तिनं ते काढून ट्रंकेत टाकलं. ऐकू येईना म्हणून बोलणं कमी झालं, आणि अप्पा गेल्यावर ते थांबलंच. आमच्याकडं आल्यापासून ती एवढंच म्हणायची, "बास झालं आता." ताट पुढं केलं की बास झालं. अंघोळीचं पाणी काढलं की बास झालं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रोग काही नाही. वय झालंय, जेवतील तेवढं जेवू द्या. पण ती जेवत होती कुठं?

मी काय काय केलं म्हणून सांगू. तिला आवडतं म्हणून शेंगाचटणी कुटली, ज्वारीच्या कण्या शिजवल्या, भरडा भाताला लसणाची फोडणी दिली. रागावले. रडले. तिच्यासमोर मीही जेवायची नाही म्हणून बसले, तर तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मनगटं काडीसारखी झाली होती, पाटल्या कोपरापर्यंत सरकायच्या. रोज सकाळी मी आधी तिच्या खाटेजवळ जायचे आणि पांघरूण वर-खाली होतंय का ते बघायचे. बाप गेल्याला चार महिने झाले नव्हते आणि आईही अशी बसल्याजागी, काही न होता, निघून चालली होती. तिला धरून ठेवायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

दिवसभर ती टीव्हीसमोर बसायची. टीव्ही बघायला म्हणून नाही, खुर्ची तिथं होती म्हणून. त्यात त्या महिन्यात नवऱ्यानं डिशचं पॅक घाईघाईत भरलं आणि कर्नाटक पॅक पडलं. हा घोळ आमच्या भागात घराघरात होतो. पत्ता बिदरचा दिसला की कंपनी कन्नड चॅनल देते, मराठी वेगळं मागावं लागतं. मी बदलायला सांगितलं तर नवरा म्हणाला, "कशाला बदलायलीस? त्यांना तसं बी आयकू येत न्हाई. चित्रं तीच की." तेही खरंच होतं. टीव्ही कन्नड बोलत राहिला आणि माय समोर बसून राहिली.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. माय एकदम म्हणाली, "ही कोण?"

किती दिवसांनी तिनं 'बास झालं' सोडून दुसरं काहीतरी म्हटलं होतं. मी दचकून वर पाहिलं. पडद्यावर एक म्हातारी होती. अंगावर इरकल लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, कमरेला किल्ल्या.

"ही आपल्याकडली दिसायलीय," माय म्हणाली. "इरकल नेसलीय बघ. चुलत सासूबाईवानी दिसायलीय माझ्या. पारूबाईवानी." आणि मग माझ्याकडं वळून, "काय म्हणायलीय ती?"

ती काय म्हणत होती ते मलाही धड कळत नव्हतं. माझं कन्नड नोकरीच्या परीक्षेपुरतं आणि बाजारापुरतं. शाळेचं परिपत्रक वाचता येतं, भाजीवालीशी भांडता येतं. पण मालिकेतली माणसं मैसूरकडचं कन्नड बोलतात, ते बिदरच्या कन्नड माणसालाही परकं वाटतं. त्यात ती रडत रडत बोलली की माझ्या हाती चार शब्द लागायचे. मी मायच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "सुनेला म्हणायलीय, जाऊ नको."

माय माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तिचं तोंड येवढा येळ चालू हुतं, अन् तू येवढंच सांगतीस? मला येडी समजायलीस का? सगळं सांग."

लिहिण्याबद्दल मला आजवर खूप लोकांनी खूप काही सांगितलं. संमेलनांतून भाषणं ऐकली, पाहुण्यांना हार घातले. पण माझ्या कथांत काय कमी होतं ते त्या एका वाक्यात सापडलं. मी माणसाच्या बोलण्याचा सारांश लिहायची. माणूस आपला सारांश कधी बोलत नाही. तो तोंड चालू ठेवतो, भलतंच बोलतो, फिरून फिरून तिथंच येतो, आणि मनातलं सांगायचं शेवटी राहूनच जातं.

मग मी सगळं सांगायला लागले. मालिकेतल्या त्या म्हातारीचं नाव आमच्यात पारूबाईच पडलं. पारूबाईचं तोंड हलतंय तोवर मी थांबायचं नाही असा नियमच झाला. जेवढं कळेल तेवढं मालिकेतलं, बाकीचं पदरचं. आधी पदरचं थोडं असायचं. आठवडाभरात उलटं झालं.

आणखी एक गोष्ट झाली, ती माझी मलाच नवी होती. मायला पुस्तकी शब्द ऐकू जायचे नाहीत. मी ओरडायची, "ती अस्वस्थ झालीय." माय म्हणायची, "आं?" पुन्हा ओरडले तरी "आं?" तिसऱ्यांदा घसा ताणून सांगितलं तरी चेहरा कोराच. मग मी वैतागून म्हटलं, "तिच्या जिवाला गोड लागंना," आणि ते तिला पहिल्या दमात ऐकू गेलं. तेवढ्याच आवाजात. बहिऱ्या कानाला ओळखीचा शब्द दारातूनच कळतो. अनोळखी कितीही मोठ्यानं ओरडला तरी बाहेरच राहतो. झालं. मला दुसरा रस्ताच उरला नाही. वीस वर्षांत जे कागदावर आणायला लाजले ते सगळं मायच्या कानात ओरडू लागले. मालिकेतली धाकटी सून झुळझुळीत साडीत जिन्यावर उभी राहून ओठ हलवायची आणि मी इकडं खालून तिच्या वतीनं म्हणायची, "कामून असं करायलाव तुम्ही? मी काय तुमचं काढून घेतलाव का?" मायची मान डोलायची. "बरोबर बोलली धाकली," ती म्हणायची.

मालिकेत एकदा ते सगळे कुठल्याशा कंपनीच्या सह्यांवरून भांडायला लागले. कंपनी मायला काही केल्या ऐकू जाईना, आणि गेली असती तरी उपयोग नव्हता. मी ते भांडण उचलून बोअरच्या पाण्यावर आणलं. थोरला म्हणतोय बोअर माझ्या हिश्श्यात, धाकटा म्हणतोय खर्च माझा झाला. गुळगुळीत फरशीवर कोट घालून उभी असलेली ती दोन माणसं पाण्याच्या पाळीसाठी एकमेकांचे गळे धरायला उठली. माय खुर्चीत पुढं सरकली. "आता कसं! पाण्यावर भांडणारच की. पाण्यावर सख्खं भाऊ बोलत न्हाईत." तेवढ्यात जाहिरात लागली आणि मी तिच्या तोंडात घास घातला. तिनं तो गिळला. तिला कळलंसुद्धा नाही.

तिथून आमची ती रीतच पडली. मालिकेत सांगायचं, जाहिरातीत भरवायचं. आयुष्यभर मी जाहिरातींना शिव्या दिल्या असतील, पण त्या हिवाळ्यात साबणाची, सिमेंटची, दातमंजनाची, जी लागेल ती जाहिरात मला देवासारखी वाटायची. लांब असावी, दोन घास जास्त जावेत. ऐन रंगात गोष्ट तोडायची आणि घास पुढं करायचा हे मला जमायला लागलं. अर्धी भाकरी जायला लागली, मग वाटीभर वरण. एके दिवशी मालिका संपल्यावर ती म्हणाली, "उद्या काय हुतंय?"

मी मोरीत जाऊन रडले. ज्या बाईचं सगळं बास झालं होतं तिला उद्या पाहिजे होता.

त्या दिवसांत मी कागदावर एक ओळही लिहिली नाही, आणि जन्मात एवढं लिहिलं नसेल. शाळेत जाताना रिक्षात माझे ओठ हलायचे. तपासायला घेतलेल्या पेपरांवर मान घालून मी पारूबाईचं उद्याचं बोलणं जुळवायची. लोक टीव्हीला नावं ठेवतात. त्यातली बाई दिवसभर दाराआड उभी राहून दुसऱ्याचं ऐकते म्हणून हसतात. मीही हसायची. पण लिहिणाऱ्यानं दुसरं काय करायचं असतं? दाराआड उभं राहायचं आणि आतलं बोलणं पुरतं ऐकू आलं नाही तर आपल्या मनानं भरून काढायचं. टीव्हीनं मला चेहरे दिले, हलणारी तोंडं दिली, आणि बोलणं रिकामं ठेवलं.

माय नुसती ऐकणारी नव्हती. तिला पटलं नाही की ती माझा हात धरून थांबवायची. "तसं न्हाई म्हणणार पारूबाई. सासू हाय ती. सुनंला माफ केलाव असं तोंडानं कधी म्हणंल का? न्हाई. म्हणंल, उद्या दळण टाकून ये." आणि मी दळणावर यायची. आम्ही दोघी मिळून ती मालिका चालवत होतो आणि बेंगळूरात बसून ती लिहिणाऱ्या माणसाला याचा पत्ताही नव्हता.

येळवस जवळ आली आणि पारूबाई दिसेनाशी झाली. एक दिवस गेला, दोन गेले. मालिकेतली माणसं तिचं नाव घ्यायची, पण ती कुठं दिसेना. "कुठं गेली?" माय विचारायची. "तुळजापूरला गेलीय दर्शनाला," मी सांगायची. पण मालिकेतलं माणूस असं गावाला गेलं की काय होतं ते सगळ्या जगाला माहीत आहे. मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या लेखकाला हात जोडायची. बाबा, तुला काय लागेल ते कर. घर जाळ, दिवाळं काढ, धाकटीला घराबाहेर काढ. तेवढी म्हातारी ठेव. माझी माय तिच्यावर जेवायलीय.

येळवसेला आम्ही मायला जीपमध्ये घालून खटकचिंचोळीला नेलं. शेजारच्या मल्लम्माक्कालाही घेतलं. ती कन्नड घरातली, शेत नसलेली, दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या शेतात येळवस करणारी. अण्णानं तुरीच्या कडेला कडब्याची कोपी उभी केली होती, आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव मांडले होते. पूजा झाली, शिवारभर अंबील शिंपडून झालं. वैनीनं सगळ्या डाळी-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे वाढले. ऊन कोवळं होतं. बायकांचा घोळका जमला आणि अप्पांच्या आठवणीनं सगळ्या जरा गप्प बसल्या होत्या, तर मायच बोलायला लागली. पारूबाईची गोष्ट सांगायला लागली. बोअरचं भांडण, दळण, धाकलीचं रुसून माहेरी जाणं, सगळं. हातवारे करून, आवाज बदलून, पहिल्यासारखी. बायका घास हातात धरून ऐकत होत्या. अण्णा तुरीत उभा राहून तिच्याकडं बघत होता.

मल्लम्माक्का ती मालिका रोज बघायची. तिनं मला बाजूला घेतलं. "टीचर, हे काय बी आमच्या मालिकेत न्हाई की!"

"ठाऊक हाय," मी म्हटलं.

"पर हेच चांगलं हाय." मग ती हळूच म्हणाली, "ती म्हातारी काम सोडली म्हणं. माझी बहीण सांगली बेंगळूरहून. मारून टाकतेत तिला आता."

परत येताना जीपमध्ये माय माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. घरी पोचलो तेव्हा मालिकेची वेळ झाली होती. मी म्हटलं, दमलीस, आज राहू दे. ती कुठली ऐकते? स्वतः रिमोट घेऊन बसली.

पहिल्याच चित्रात तो फोटो आला. इरकल, मोठं कुंकू. आणि त्याला हार.

"हार कामून घातलाय?" माय म्हणाली.

मला जगातलं एकही वाक्य सुचेना. एवढे दिवस दुथडी भरून वाहत होते आणि नेमकं तेव्हा सगळं कोरडं पडलं. मी ओरडले, "वाढदिवस हाय तिचा."

माय माझ्याकडं बघत राहिली. "जित्या माणसाच्या फोटूला हार घालतेत व्हय?"

मी रिमोट काढून घ्यायला गेले. तिनं सोडला नाही.

"कवा गेली?"

"काल," मी म्हटलं.

"दाखवलं न्हाई."

"न्हाई दाखवलं."

माय पडद्याकडं वळली. सुना रडत होत्या. मग तिनं विचारलं, "मरताना काय बोलली?"

मालिकेतली माणसं म्हणत होती की ती झोपेतच गेली. पण मी ते सांगू शकले नाही. मी मायच्या कानाशी वाकले आणि पारूबाईचं शेवटचं बोलणं सांगायला लागले. थोरल्याला काय म्हणाली, धाकट्याला काय म्हणाली, पाण्याची पाळी कशी लावून दिली, सुनेचा हात हातात घेऊन काय काय बोलली. घसा बसेपर्यंत सांगितलं. मला मायला थांबवायचं होतं. हे बोलणं चालू आहे तोवर ती जाणार नाही असं काहीतरी वेड माझ्या डोक्यात शिरलं होतं. इतकं चांगलं मला पुन्हा कधी सुचलं नाही.

मायनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "न्हाई. मरणारं माणूस येवढं बोलत न्हाई. दम कुठला?"

"मग काय म्हणली असंल?"

तिनं विचार केला. "म्हणली असंल, लेकीला म्हणावं जेवून घे. माझ्या मागं लागू नको. बास. येवढंच."

"माय, पारूबाईला लेक कुठं हाय? दोन पोरंच हायत की तिला."

"असंल," माय म्हणाली. "टीव्हीत सगळंच दाखवतेत व्हय?"

त्यानंतर तिनं उद्या काय होतंय म्हणून विचारलं नाही. मालिका चालू राहिली, मी सांगत राहिले. धाकटीला मुलगी झाली म्हटलं, पारूबाईची बहीण येणार आहे म्हटलं, दुसऱ्या चॅनलवरची म्हातारी शोधून आणली. ती खिडकीकडं बघायची. मी कानात ओरडायची आणि माझंच ओरडणं मला ऐकू यायचं. जाहिराती यायच्या आणि जायच्या, घास हातातच वाळायचा. संक्रांतीच्या आसपास तिला ताप भरला. बिदरच्या दवाखान्यात तिच्या तोंडात नळी घातली होती. ती डोळे उघडून माझ्याकडं बघायची. तिचे ओठ नळीभोवती थोडे हलायचे, मी तोंड जवळ नेऊन बघायची, आणि मला, मला त्यातलं एक अक्षर लावता आलं नाही. तशीच ती गेली.

आज लोक विचारतात, बाई, सध्या काय लिहिताय? काय सांगू? त्या हिवाळ्यात जी भाषा मायच्या कानात ओरडले ती मला येते. चेहरे रोज संध्याकाळी घरात येतात. पण कुणी माझा हात धरून विचारत नाही की ती काय म्हणायलीय. विचारणारं माणूस नसलं की सांगणाऱ्याच्या घशात गोळा राहतो, वर येत नाही, खाली जात नाही. यंदाही शेंगा आल्या, यंदाही धुकं पडलंय. मी आवाज बंद करून बसतेय आणि माझ्या हाती काही लागत नाही. हे बरं होईल असं म्हणायची माझी छाती नाही.

माय गेली तेव्हा तिला खटकचिंचोळीच्या शेतातच अप्पांजवळ माती दिली. दहा दिवस घरात बायकांची रीघ होती. आमच्याकडं मौतीला भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी गळ्यात पडते, मग पदर सावरून एकच गोष्ट विचारते, शेवटाला काय बोलली? ते ऐकल्याशिवाय ती उठत नाही. गेलेल्या माणसाचं तेवढं एक वाक्य ती आपल्या घरी घेऊन जाते. मी सगळ्यांना सांगत होते, काही नाही, तोंडात नळी होती. ऐकून त्यांची तोंडं उतरायची. रिकाम्या हातानं परत जावं लागल्यासारख्या त्या उठायच्या. मी पाण्याशिवाय काही घेत नव्हते. वैनी ताट आणून ठेवायची आणि उचलून न्यायची.

तिसऱ्या दिवशी नौबादहून मल्लम्माक्का आली. मौतीच्या घरी न्यायचा कडू घास म्हणून फडक्यात भाकरी आणि डब्यात पिठलं घेऊन आली होती. गळ्यात पडली, रडली, आणि तिनंही विचारलं, "काय बोलली टीचर, शेवटाला?"

मी सांगितलं, "म्हणली, लेकीला म्हणावं जेवून घे. माझ्या मागं लागू नको."

दोन महिने मायच्या डाव्या कानात ओरडून माझा आवाजच तसा झाला होता. मी ते केवढ्यानं म्हणाले याचं मला भान नव्हतं. ओसरीवरच्या बायका दचकून माझ्याकडं वळल्या. बाहेर उभ्या असलेल्या अण्णानं दारातून आत डोकावलं.

मल्लम्माक्कानं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि घास माझ्या तोंडापाशी धरला.

"आयकू आलं बाई आम्हाला," ती म्हणाली. "वरडू नको आता. जेव."